तीन सिलिंडरची भाऊबीज

माझ्या सासऱ्यांना नातवंडांचे वाढदिवस पाठ नाहीत. शेताचा गट नंबर विचारला तर ते कपाळ चोळत बसतात. पण गाडीचं इंजिन विचारून बघा. चहाची कपबशी खाली ठेवतील, टोपी नीट करतील आणि सुरू होतील. सातशे शहाण्णव सीसी. तीन सिलिंडर. एका सिलिंडरला दोन असे सहा व्हॉल्व्ह. पाण्यानं थंड होणारं, कार्ब्युरेटरवर चालणारं. ताकद किती? "चाळीसाला जरा कमी घोडे, पन समदे इमानी." ठिणगी पडायचा क्रम एक-तीन-दोन. समोरचा पाहुणा सोयरीक जुळवायला आलाय की मतं मागायला, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं.

आमच्याकडं सून सासऱ्याला मामा म्हणते, म्हणून मीही मामाच म्हणते. मामांनी ही गाडी घेतली ती सोलापूरच्या एका डॉक्टरांकडून, वापरलेली. तोवर त्यांचा आणि इंजिनाचा संबंध विहिरीवरच्या ऑईल इंजिनापुरता होता. ते धूड हँडल मारून चालू करायचं, आणि हँडल उलटं फिरलं तर मनगट गळ्यात बांधून फिरायचं. त्यापुढं हे जपानी इंजिन म्हणजे एवढीशी पेटी. किल्ली फिरवली की आपलं आपण बोलायला लागायचं. मामा प्रेमातच पडले. मग गावानंही गाडीचं नाव टाकून दिलं आणि नुसतं 'जपानी' म्हणायला सुरुवात केली. "जपानी कुठं चालली?" "जपानी आली का बाजारातनं?" बेंबळीत आजही कुणाला आमचं घर विचारलं तर जपानीवाल्यांचं का, असं उलट विचारतात.

मी गाडी शिकले ती हिच्यावरच. गावच्याच शाळेत मी गणित शिकवते, त्यामुळं मला आकडे आवडतात. आणि मला राग लवकर येतो, त्यामुळं मला बंद पडणाऱ्या वस्तू आवडत नाहीत. तरीही या गाडीवर माझा जीव आहे. मामांनी क्लच कसा सोडायचा ते शिकवताना एकदाही आवाज चढवला नाही. मी त्यांच्या गोठ्याची भिंत पाडली तेव्हासुद्धा ते आधी बंपर बघायला गेले आणि मग म्हणाले, "भिंत जुनीच हुती."

गुण सांगितले, आता दोषही सांगते. एवढ्या वयाच्या इंजिनाला सवयी असतात. हिवाळ्यात सकाळी चोक ओढल्याशिवाय ते उठत नाही, आणि एकदा ओढलेला चोक मामा आत ढकलायला विसरतात. मग सगळ्या गल्लीत पेट्रोलचा वास, मागनं काळा धूर, आणि शेजारीण दारात येऊन विचारते, "मामा, गाडीत रॉकेल घालताव का?" उन्हाळ्यात याच्या उलट. मे महिन्यात पेट्रोलची नळीतल्या नळीत वाफ होते आणि गाडी चढावर मध्येच दम टाकते. त्याला उपाय एकच, पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि लिंबाच्या सावलीत बसून राहायचं. म्हणून आमच्या गाडीत पाण्याची बाटली आणि जुन्या धोतराचा तुकडा बारा महिने असतो. इंजिनाच्या वरच्या झाकणाची रबरी कड वाळली की तेल पाझरतं. ती बदलली की पुढची दोन वर्षं निवांत.

सगळ्यात मोठा घोळ झाला होता तो पाण्याचा. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की त्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. हेच पाणी कित्येक वर्षं रेडिएटरमध्ये जात होतं. चहाच्या पातेल्याला बसतो तसा पांढरा थर आतल्या बारीक नळ्यांना बसला आणि तापमानाचा काटा लाल पट्टीत जाऊन टेकायला लागला. गावात ज्यानं त्यानं एकच सल्ला दिला: थर्मोस्टॅट काढून टाका. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन नीट गरम होईपर्यंत पाणी अडवून धरणारी छोटी झडप. आमच्या भागात गाडी तापली की पहिली हकालपट्टी त्या बिचारीची होते. मी भर चौकात भांडले. "पोराला ताप आला तर काय थर्मामीटर फोडताव का?" मामांनी माझं ऐकलं. रेडिएटर उघडून आतून साफ करवून घेतला, झडप जागेवर राहिली, आणि तेव्हापासून इंजिनाला पिण्याच्या जारचं पाणी सुरू झालं. आमचे हे अजून कुरकुरतात, की या घरात माणसं बोअरचं पितात आणि गाडी जारचं.

तर या सगळ्या सवयी आम्हाला कळल्या होत्या. कळला नव्हता तो एकच आजार. दसरा झाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाडी गचके द्यायला लागायची. तीनऐवजी दोनच सिलिंडरवर लंगडत चालायची. आठवडाभर रुसून राहायची, मेकॅनिक प्लग बदलायचा, वायरी बदलायचा, आणि मग ती आपोआप बरी व्हायची. दिवाळीत पुन्हा तेच. मामा म्हणायचे, थंडी बाधली. हे म्हणायचे, वय झालं. मेकॅनिक काहीच म्हणायचा नाही, तो आपला पुन्हा प्लग बदलायचा.

आणि हा आजार नेमका आडवा यायचा तो भाऊबीजेला. मामांची मोठी बहीण सास्तूरला असते. तिला आम्ही सगळे आत्याबाई म्हणतो. भूकंपात जुनं घर गेलं, नवं मिळालं, नवरा गेला, मुलगा मोठा होऊन नोकरीला लागला, पण भाऊबीज कधी चुकली नाही. मामा दरवर्षी स्वतः गाडी चालवत जातात आणि आत्याबाई भावाला ओवाळल्याशिवाय पाण्याचा घोटसुद्धा घेत नाहीत. मागच्या भाऊबीजेला गाडी माकणीच्या अलीकडं बंद पडली. मामा एकटेच होते. कुणाच्या तरी ट्रॅक्टरला गाडी बांधून ते सास्तूरला पोचले तेव्हा उन्हं कलली होती आणि आत्याबाईंना भोवळ येऊन त्या खाटेवर पडल्या होत्या. मामांना बघितल्यावर त्या उठल्या, आधी ओवाळलं आणि मगच पाणी प्याल्या.

यंदा धनतेरसला जेवताना ह्यांनी विषय काढला. "अण्णा, आता बास झालं. यंदा वाटेत बंद पडली तर गाडी भंगारात द्यायची. पुढच्या वर्षीपासनं भाड्याची गाडी करून देतो, ड्रायव्हरसकट. आरामात मागं बसून जावा."

मामांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. आता शेती हे बघतात, बाजार हे बघतात, बँकेतही हेच जातात. मामांच्या हातात उरली होती ती त्या गाडीची किल्ली. ती गेली की मामांचं आपल्या मनानं कुठं जाणं संपलं, हे ताटावर बसलेल्या सगळ्यांना कळत होतं. मला ह्यांचा इतका संताप आला की मी आमटी वाढलीच नाही.

"बरं," मामा शेवटी म्हणाले. "थांबली तर इकू. शब्द."

साक्षीदार म्हणून मी जायचं ठरलं. शाळेला सुट्टी होती आणि माझा भाऊ तेरखेड्याहून रात्रीच्या जेवणालाच येतो, येताना निम्मं फटाक्यांचं दुकान उचलून आणतो. ह्यांना निघता येत नव्हतं, कारण नणंदबाई ओवाळायला सकाळी आमच्याकडंच येतात. शिवाय ह्यांचं माझ्याबद्दलचं मत स्पष्ट आहे. "तिला खोटं बोलता येत न्हाय," ते म्हणाले, "फक्त भांडता येतंय."

पाडव्याला मामांनी गाडीची तयारी काढली. आमच्याकडं दसऱ्याला अवजारांची पूजा होते, नांगर, पंप, गाडी, पोरांच्या सायकलीसुद्धा ओळीनं मांडतात, आणि पाडव्याला फक्त गाडीची. मामांनी ती धुतली, पुसली आणि बॉनेट उघडलं. इंजिनाला हळदीकुंकवाची पाच बोटं ओढली, बॅटरीवर झेंडूची माळ घातली, उदबत्ती ओवाळली. मग पुढच्या चाकाशी दगडावर नारळ फोडला. नारळाचं पाणी कधी जमिनीवर सांडू द्यायचं नाही, हा त्यांचा नेम. वाटीत धरलेलं पाणी ते ओंजळीनं इंजिनावर सोडतात, तीर्थ दिल्यासारखं. "आदी तिला, मग आपुन." यंदा परीक्षेचं वर्ष, म्हणून एकाच्या जागी दोन नारळ झाले. मी तिथंच उभी होते. झेंडूची माळ पंख्यात अडकेल म्हणून मी ती काढायला लावली आणि आपण किती चौकस आहोत म्हणून स्वतःवरच खूश झाले.

भाऊबीजेला सकाळी धुकं होतं. चोक ओढला, गाडी उठली. चोक मी स्वतः आत ढकलला. मागच्या सीटवर आत्याबाईंची साडी, करंज्यांचा डबा आणि आमच्या शेतातल्या शेंगा. बेंबळी मागं पडली तेव्हा मामा शीळ घालत होते. सोयाबीन निघून रानं मोकळी झाली होती, तूर मात्र फुलावर होती आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पिवळी दिसत होती. रस्त्यावर जो तो कुणाच्या तरी बहिणीकडं निघालेला. मोटरसायकलवर बाप, आई, मध्ये दोन पोरं आणि हँडलला मिठाईची पिशवी.

उजनी ओलांडली आणि पहिला गचका बसला. मामांची शीळ थांबली. दुसरा गचका. मी त्यांच्याकडं बघितलं नाही, त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. पण आम्ही दोघंही तेच मोजत होतो: एक, तीन, दोन, एक, तीन, काहीच नाही, एक, तीन, काहीच नाही.

"थंडी हाय," मामा म्हणाले.

"व्हय," मी म्हणाले. धुकं कधीच विरलं होतं आणि माझ्या कपाळावर घाम आला होता.

माकणीच्या अलीकडं एक साधा चढ आहे. बैलगाडीसुद्धा न थांबता चढते. तिथं जपानी दोनदा खोकली, एकदा मागनं फाटकन वाजली आणि थांबली. मामांनी किल्ली फिरवली. इंजिन नुसतं फिरलं, पेटलं नाही. पुन्हा फिरवली. मग त्यांनी हँडब्रेक ओढला, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि समोर बघत बसले.

"लाव फोन त्येला," ते म्हणाले. "सांग, थांबली म्हनावं."

"मी काही लावत नाही."

"साक्षीदार हाईस नव्हं तू?"

"साक्षीदार आहे, वैरीण नाही. जरा थांबा."

एवढ्यात एक मोटरसायकलवाला बायकोसह थांबला. भला माणूस होता. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाला, "मामा, ढकलू का? पन खरं सांगू का, ह्यात आता दम राह्यला न्हाय."

"दम तुझ्या फटफटीत किती हाय ते चढावर बघू," मामा गाडीतूनच कडाडले. त्या बिचाऱ्यानं बायकोकडं बघितलं, किक मारली आणि निघून गेला. मामांचा आवाज चढलेला मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकला. तेव्हा मला कळलं की ते घाबरलेत.

मी उतरून बॉनेट उघडलं. आणि मला वास आला. पेट्रोलचा नाही, जळक्या तेलाचा नाही. गोडसर, करपट. करंजीचं सारण कढईला लागतं तसा. मला वाटलं मागच्या सीटवरचा डबा सांडला. जाऊन बघितलं, डबा घट्ट बंद होता. परत आले आणि कुत्रं हुंगतं तशी इंजिनावर वाकून हुंगत गेले. वास येत होता तो डिस्ट्रिब्युटरजवळ. तिन्ही सिलिंडरना पाळीपाळीनं ठिणगी वाटून देतो तो हा डबा. त्याच्यावर काळं टोपण असतं आणि टोपणातून प्लगच्या वायरी निघतात. दोन चाप सरकवून मी टोपण उचललं. वरच्या बाजूला केसाएवढी चीर होती. आतून टोपण चिकट झालं होतं, पांढरट सायीसारखा थर, आणि त्या थरावरून एका टोकाकडून दुसऱ्याकडं पेन्सिलीनं ओढावी तशी काळी रेघ. ठिणगीला सिलिंडरपर्यंत जायची गरजच उरली नव्हती, ती आतल्या आत त्या रेघेवरून पळत होती.

मी बोट लावलं. गणिताची मास्तरीण असले तरी आधी मी स्वयंपाकघरातली बाई आहे. बोट जिभेला लावून बघितलं.

"मामा," मी म्हणाले, "खोबरं!"

"भूक लागली का तुला?"

मला हसू आवरेना. रस्त्याच्या कडेला, भाऊबीजेच्या साडीत, हातात काळं टोपण धरून मी पोट धरधरून हसले. दसऱ्याला नारळ, दसऱ्यानंतर गचके. पाडव्याला नारळ, भाऊबीजेला गचके. चीर बारीक, पाणी थोडंच आत जायचं, आठवड्यानं पार वाळलं की गाडी बरी. यंदा दोन नारळ, म्हणून गाडी बंदच. आम्ही थंडीला बोललो, वयाला बोललो, प्लग बदलून बदलून मेकॅनिकचं घर चालवलं, आणि त्या जपानी इंजिनाला बिचाऱ्याला वर्षातून दोनदा आम्हीच आंघोळ घालत होतो.

मी हे सगळं मामांना समजावलं. ते आधी रागावले. "द्येवाचं पानी नडतंय व्हय गाडीला?"

"देवाचं असू द्या हो. पण वीज काही नारळाला नमस्कार करून वाट बदलत नाही. तिला ओल मिळाली की ती पळतेच."

मामांनी टोपण हातात घेतलं, चष्मा वर करून बराच वेळ बघितलं, आणि मग त्यांनीही बोट लावून चाटलं. त्यांचा चेहरा बघून मी पुन्हा हसायला लागले. या खेपेला तेही हसले.

पुढचं काम सोपं होतं. कार्ब्युरेटर पुसायला मामा एका बाटलीत थोडं पेट्रोल ठेवतात. धोतराचा तुकडा त्यात बुडवून टोपण आतून स्वच्छ पुसलं. काळी रेघ पुसली जाईना, ती मी साडीच्या पिनेनं खरवडून काढली. मग टोपण उन्हात ठेवलं, पेट्रोलचा वास पार उडेपर्यंत. चिरेचं काय करायचं, हा प्रश्न होता. नखांचा रंग वाळला की त्यातून ना पाणी जातं ना वीज, हे मला कुठंतरी ऐकून माहीत होतं, आणि दिवाळीमुळं पर्समध्ये डाळिंबी रंगाची बाटली होती. चिरेवर तीन हात दिले. फुंकर मारून वाळवलं. टोपण बसवलं, चाप लावले, वायरी एक-तीन-दोन अशा क्रमानं आहेत ना ते मामांनी दोनदा बघितलं.

किल्ली फिरवली आणि जपानी अशी उठली जशी कधी निजलीच नव्हती. तिन्ही सिलिंडर, एकही ठोका चुकला नाही. मी टाळ्या वाजवल्या. मामांनी मात्र न हसताच गिअर टाकला.

"आता काय झालं?"

"थांबली ती थांबली," ते म्हणाले. "शब्द दिलाय म्या."

सास्तूरपर्यंत मी त्यांच्याशी वाद घातला. थांबली म्हणजे काय, कुणी ढकलली नाही, कुणाला बोलावलं नाही, ट्रॅक्टर लागला नाही. शिवाय दोष इंजिनाचा नव्हताच. मामा मान हलवत गाडी चालवत राहिले. म्हातारी माणसं ऐकत नाहीत असं म्हणतात ते खोटं आहे, ती सगळं ऐकतात आणि मग आपलंच करतात.

आत्याबाई ओट्यावरच बसल्या होत्या. पाट मांडलेला, रांगोळी काढलेली, निरांजन तयार. मामा गाडीतून उतरताच त्या उठल्या आणि म्हणाल्या, "आलास का बाबा. ये. औंदा येळंवर आलास." ओवाळणं झालं. मामांनी ताटात साडी ठेवली, बहिणीच्या पाया पडले. आत्याबाईंनी पाण्याचा तांब्या उचलला, आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. हे होते. मी फोन स्पीकरवर टाकला, कारण नसता टाकला तर आत्याबाईंनी टाकायलाच लावला असता.

"पोचलाव का?"

"पोचलो," मी म्हणाले.

"थांबली का कुठं वाटेत?"

मी तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याशी धडधडीत खोटं बोलायची माझी पूर्ण तयारी होती. पण मामांनी फोन माझ्या हातून घेतला.

"थांबली. माकनीच्या अलीकडं. पार बंद पडली."

मला वाटलं आता हे जिंकल्यासारखं काहीतरी बोलणार. त्याआधीच मी फोनवर ओरडले. नारळ, चीर, टोपण, करपलेला वास, सगळं एका दमात सांगितलं. "वर्षानुवर्षं तुम्ही इंजिनाला म्हातारं म्हणत आलात आणि त्याचा एक दोष नाही! द्या भंगारात, द्या! माझी सही हवी का?"

आत्याबाई तांब्या हातात धरून हसायला लागल्या. "म्हंजी खोड गाडीत न्हाय. माज्या भावात हाय."

"मग आता मला घाल भंगारात," मामा फोनमध्ये म्हणाले. हसत म्हणाले, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही.

"अण्णा," हे म्हणाले. आवाज एकदम बारीक झाला होता. "गाडीचं मला काय पडलंय? मागच्या वर्षी तुमचा फोन लागत नव्हता. मी इथं पाटावर बसून ओवाळून घेतोय आणि तुम्ही रस्त्यात एकटे. कुठं पडलाव, कुणी बघितलं का, मला काहीच कळेना. दुपारभर नुसत्या अंगणात चकरा मारल्या. मला वाटलं, गाडीच नसली तर तुम्ही एकटं निघणार नाही. एवढंच होतं डोक्यात."

मी ह्यांच्याबरोबर इतकी वर्षं संसार केला आणि हे मला माहीत नव्हतं. माझा राग कुठं गेला ते कळलंसुद्धा नाही.

मामांनी फोन तोंडाजवळ नेला. "मग तसं बोलायचं लेकरा. इंजिनाला कशाला बदनाम करायचं?"

आणि मग ते फोनकडं न बघता, बहिणीकडं बघत म्हणाले, "मला भ्याव वाटत न्हाय व्हय? डोळ्यानं कमी दिसलालंय. गिअर टाकताना हात कापतेत. चढ आला की छातीत धडधड हुती. म्हनून तर फोडतोय नारळ."

आत्याबाईंनी तांब्या खाली ठेवला आणि भावाच्या पाठीवरून हात फिरवला, लहान पोराच्या फिरवावा तसा.

"पुढच्या वर्षी मी येतो संगं," हे पलीकडून म्हणाले. "ताईला म्हणतो, लवकर ये, ओवाळ आणि सोड. गाडी आपलीच न्यायची."

"ये," मामा म्हणाले. "चालवायला तूच बस. म्या शेजारी बसून इंजिनाचा आवाज ऐकतो. त्यातलं तुला काय बी कळत न्हाय."

मग आत्याबाईंनी फोन ओढून घेतला, भाच्याला सांगितलं की भावाबहिणीला आता जेवू दे, आणि तांब्या उचलून पाणी प्याल्या.